माती, मन आणि कुंभाराचा आवा

(शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य व शासकीय कर्मचारी यांच्या प्रशिक्षण वर्गात जिल्हा माहिती अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



संत गोरोबाकाकांच्या थापटण्याची कथा आपणां सर्वांस ठाऊक आहे. संतमंडळींच्या मस्तकावर थापटणे मारून कोणते मडके पक्के व कोणते कच्चे, याची पारख तेरच्या या कुंभाराने केली. आज तेच थापटणे आपण स्वतःच्या मस्तकावर मारून पाहावे, एवढीच माझी विनंती आहे.

शहरांतून अलीकडे मातीकामाच्या कार्यशाळा निघाल्या आहेत. दिवसभराच्या कामाने शिणलेली माणसे शुल्क भरून तेथे चाकावर बसतात. यात नवल नाही. चाकावरचा गोळा मध्यावर आणण्यासाठी दोन्ही हात स्थिर ठेवावे लागतात आणि लक्ष दुसरीकडे गेले की गोळा डगमगतो. चूक झाली तरी ओली माती पुन्हा मळता येते. अपयशाची भीती तेथे उरत नाही. हाताच्या व मनाच्या पुनर्वसनासाठी व्यवसायोपचारातही मातीकामाचा उपयोग केला जातो. माती हे औषध नव्हे. परंतु मनाला विसावा देण्याचे सामर्थ्य तिच्यात निश्चितच आहे.

हा विसावा ज्यांच्या पिढ्यान्पिढ्यांचा व्यवसाय, त्यांचे काय? मागे एका गावी दौऱ्यावर असता एका वृद्ध कुंभाराकडे बसलो होतो. ते म्हणाले, "साहेब, हात मातीत असला की मनाला काही लागत नाही. हात धुतला की सगळं आठवतं. माती कुठून आणायची, आवा कशानं पेटवायचा, अन् माठ घेणार कोण." त्यांचा मुलगा शहरात पहारेकऱ्याची नोकरी करीत होता. जी शांती शहरातील माणूस पैसे मोजून घेतो, ती या घरातून मात्र उंबऱ्याबाहेर निघाली होती.

म्हणून मातीकामाचा विचार मन, पर्यावरण व उपजीविका या तिन्ही अंगांनी झाला पाहिजे. कच्चे भांडे पाण्यात भिजवले की पुन्हा माती होते. एकदा भाजले की ते पुन्हा चिखल होत नाही. तेव्हा बिघडलेला माल आव्यात जाण्यापूर्वीच वेगळा काढणे ही पहिली काटकसर. धुण्याचे पाणी टाकीत निवळू द्यावे आणि तळाचा गाळ पुन्हा वापरावा. भट्टी अर्धी न लावता पूर्ण भरून लावावी. सुक्या मातीची धूळ झाडूने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी. त्या धुळीतील सिलिका वर्षानुवर्षे श्वासावाटे जात राहिल्यास फुप्फुसांचा असाध्य रोग जडतो. शिसेयुक्त झिलई खाण्यापिण्याच्या भांड्यांना लावू नये.

अशा कामाला आपल्याकडे परंपरा आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील भद्रावती येथे गांधीविचाराचे कार्यकर्ते कृष्णमूर्ती मिरमिरा यांनी ग्रामोदय संघाच्या द्वारे कुंभारकामाला नवे तंत्र व प्रशिक्षण यांची जोड दिली. पुदुच्चेरी येथे रे मीकर व डेबोरा स्मिथ यांनी १९७१ साली गोल्डन ब्रिज पॉटरी सुरू केली; तेथे शिकलेल्या कलावंतांनी देशात ठिकठिकाणी स्वतःच्या कार्यशाळा उभारल्या. खादी व ग्रामोद्योग आयोगाने २०१८ साली कुंभार सशक्तीकरण कार्यक्रम सुरू करून विजेवर चालणारी चाके व प्रशिक्षण देण्यास प्रारंभ केला. हाताने चाक फिरविण्याचे कष्ट त्यामुळे वाचतात आणि वयस्कर कारागिरांना व स्त्रियांनाही चाकावर बसणे सोपे जाते.

आता आपल्या वाट्याचे काम. पंचायत सदस्यांनी तलावातील गाळ काढण्याचे काम ठरविताना गावच्या कुंभारालाही बोलवावे. गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही योजना २०१७ साली आली ती शेतासाठी. पण पोयट्याची पारख कुंभाराइतकी कोणाला असणार? त्याच्या उपयोगाची माती नियमाप्रमाणे त्याला मिळेल, एवढे पाहावे. अधिकारी बंधूंनी योजनेचा कागद त्याच्या ओट्यापर्यंत पोहोचवावा आणि अर्ज भरण्यास साहाय्य करावे. शिक्षकांनी त्याला मानधन देऊन शाळेत पाहुणा गुरू म्हणून बोलवावे. गणेशोत्सवापूर्वी मुलांच्या हाती शाडू द्यावा. बादलीत विसर्जन केल्यावर तळाशी उरलेला शाडू वाळवून पुढील वर्षी वापरता येतो. पुस्तकात मागे पडणारे एखादे मूल मातीत सर्वांच्या पुढे जाते, हा अनुभव आपणांस येईल. ज्या मुलाच्या वडिलांना आपण गुरू म्हणून बोलावले, ते मूल त्या दिवशी वर्गात ताठ बसेल, हेही आपण पाहाल.

संक्रांतीचे सुगड, दिवाळीची पणती, उन्हाळ्यातला माठ आणि अखेरच्या यात्रेतले मडके, आपल्या प्रत्येक प्रसंगी कुंभार हजर असतो. त्याच्या अडचणीच्या प्रसंगी आपण हजर असतो काय? गोरोबाकाकांचे थापटणे आपल्या मस्तकावर पडेल, तेव्हा आवाज पक्क्या मडक्याचा यावा, एवढीच अपेक्षा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.

जय हिंद, जय महाराष्ट्र.