अर्जातील एक रकाना

(परिचारिका दिनी रुग्णालयाच्या सभागृहात निवड समितीच्या वतीने केलेले भाषण)



१२ मे रोजी फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या दिव्याविषयी बोलण्याचा प्रघात आहे. तो आज आम्ही मोडीत आहोत, याबद्दल क्षमा असावी. आम्हांस बोलावयाचे आहे ते आपल्या नोकरीच्या अर्जातील एका रकान्याविषयी. ‘आपणांवर कधीही, कोणताही गुन्हा नोंदविला गेला आहे काय? होय / नाही.’ हा नमुना कोणी व केव्हा तयार केला, हे आमच्यापैकी कोणासही सांगता येत नाही. दुसऱ्या कुठल्या तरी संस्थेच्या कागदावरून तो जसाच्या तसा उतरविला गेला असावा.

२०२३ साली परिचारिकांच्या काही जागांसाठी आम्ही मुलाखती घेतल्या. श्रीवर्धन तालुक्यातील एका वाडीतून आलेली एक मुलगी होती. जीएनएमचा अभ्यासक्रम उत्तम गुणांनी पूर्ण केलेला, महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी हातात. तिने त्या रकान्यात ‘होय’ लिहिले होते. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात तिच्या घरची सुपारीची वाडी आडवी झाली, चुलत्याच्या वाडीशी असलेला गडगाही कोसळला. तो पुन्हा रचताना हात-दीड हात जागेवरून भांडण झाले. ही मुलगी त्या वेळी एकोणीस वर्षांची. आईला ओढून बाजूस नेण्यासाठी ती मध्ये पडली आणि फिर्यादीत चौथी आरोपी झाली. कलमे भारतीय दंड संहितेची ३२३, ५०४, ५०६. मारहाण, शिवीगाळ, धमकी. २०२४ पर्यंत आपल्याकडील कोणत्याही पोलीस ठाण्यात ही तीन कलमे एका दमात उच्चारली जात असत. पुढे तारखांना कंटाळून तिने न्यायालयात गुन्हा कबूल केला व पाचशे रुपये दंड भरला.

आम्ही तिचे सर्व ऐकून घेतले, सहानुभूतीही दाखविली, आणि तिचे नाव ‘प्रतीक्षा यादीत’ घातले. अशी यादी आमच्याकडे नव्हतीच, हे आज सर्वांसमक्ष सांगितले पाहिजे.

आपला हा किनारा ज्यांना ठाऊक आहे, त्यांना अशा नोंदींचे नवल वाटणार नाही. गडगा, पायवाट, विहिरीची पाळी यांवरून भाऊबंदकी होते आणि फिर्याद देताना समोरच्या घरातील लहानथोर सर्वांची नावे घातली जातात. उरणकडे १९८४ च्या भूसंपादनविरोधी आंदोलनात किती साध्या घरांतील माणसांवर खटले भरले गेले, हे तिकडील वडीलधाऱ्यांना विचारावे. चिरनेरच्या १९३० च्या जंगल सत्याग्रहातील माणसे सरकारदरबारी गुन्हेगारच होती. आज त्यांचे स्मरण आपण दरवर्षी करतो. अर्थात, गडग्यावरील भांडण म्हणजे सत्याग्रह नव्हे. परंतु ‘कोणताही गुन्हा’ असे विचारणाऱ्या रकान्याला या सर्वांतील भेद कळत नाही, इतकेच आम्हांस म्हणावयाचे आहे.

सुमारे वर्षभराने दुसरी गोष्ट घडली. त्याच मुलाखतींतून नेमलेल्या एका परिचारिकेची चारित्र्य पडताळणी उशिरा हाती आली. तिच्यावरही अशाच एका घरगुती भांडणाचा, तसाच दंड भरून मिटलेला गुन्हा होता. अर्जात मात्र तिने ‘नाही’ लिहिले होते. आम्ही तिला बोलावून घेतले आणि खोटे का लिहिले, असे काहीशा चढ्या आवाजात विचारले. ती म्हणाली, ‘‘मॅडम, ‘होय’ लिहिणारीचं काय झालं, ते आम्हां सगळ्यांना आधीच्या अनुभवानं ठाऊक होतं.’’

त्या उत्तरावर समितीतील कोणी काही बोलले नाही.

आपल्या प्रशिक्षणार्थींना आपण पहिल्या आठवड्यात काय शिकवितो? चुकीची मात्रा दिली गेली, तर ताबडतोब सांगा, लपवू नका, सांगणाऱ्यावर आम्ही रागावणार नाही. रात्रपाळीत एकट्या असलेल्या परिचारिकेच्या या प्रामाणिकपणावर रुग्णाचा जीव अवलंबून असतो. आणि नोकरीच्या पहिल्याच कागदावर मात्र खरे सांगणारीला आम्ही परत पाठविले होते व न सांगणारीला गणवेश दिला होता.

यानंतर आम्ही अलिबागच्या एका अनुभवी वकिलांकडे गेलो. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात या विषयाचा सविस्तर ऊहापोह केला आहे. तो सरकारी नोकरीच्या संदर्भातील असला, तरी त्यातील विचार आम्हांस मार्गदर्शक वाटला. उमेदवाराने खरी माहिती दिली पाहिजे; खरी माहिती दिली म्हणून नेमणूक करण्याची सक्ती मालकावर नाही; परंतु तरुण वयातील घोषणाबाजी किंवा तत्सम क्षुल्लक गुन्हा असेल, तर तो लपविला गेला असतानाही मालकाला त्याकडे दुर्लक्ष करता येते. आणि प्रश्न संदिग्ध नसावा, नेमका असावा. त्यापूर्वी, २०११ साली, दिल्ली पोलिसांतील भरतीच्या एका प्रकरणात याच न्यायालयाने व्हिक्टर ह्यूगो यांच्या कादंबरीतील पाव चोरणाऱ्या जाँ व्हालजाँची आठवण काढली होती. पाव चोरल्याचा शिक्का त्या माणसाच्या कपाळावरून जन्मभर पुसला गेला नाही.

वकिलांनी आणखी जे सांगितले, ते येथे बसलेल्या मुलींनी व त्यांच्या पालकांनी नीट ऐकावे. तारखांचा आणि एस.टी.च्या भाड्याचा त्रास चुकविण्यासाठी ‘कबूल करून टाका, दंड भरा, सुटाल’ असा सल्ला सर्रास दिला जातो. दंड भरून माणूस सुटत नाही. त्याला दोषी ठरविल्याची नोंद राहते. याउलट ३२३, ५०४, ५०६ सारखे गुन्हे दोन्ही बाजूंच्या संमतीने मिटविता येतात, आणि अशी तडजोड कायद्याने निर्दोष सुटकेसारखी मानली जाते. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३२० मध्ये होते. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५९ मध्ये आहे. तडजोड झाली नाही, तरी १९५८ च्या परिवीक्षा कायद्याखाली समज देऊन अथवा चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडण्याची विनंती न्यायालयाला करता येते, आणि तसे सोडले गेल्यास दोषी ठरल्यामुळे येणारी अपात्रता कलम १२ नुसार लागत नाही. घटनेच्या वेळी वय अठराच्या आत असेल, तर २०१५ च्या बालन्याय कायद्याचे कलम २४ सामान्यतः तेच संरक्षण देते. आमच्या त्या मुलीला यांतील एकही गोष्ट कोणी सांगितली नव्हती. पाचशे रुपयांची ती पावती तिने मात्र जपून ठेवली होती.

रकाना बदलण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा आमच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी विरोध केला. त्यांचे म्हणणे असे, की बेशुद्ध रुग्णाच्या अंगावरील दागिने, औषधांच्या कपाटाच्या किल्ल्या आणि असहाय वृद्ध माणूस, हे सर्व आपण परिचारिकेच्या हाती सोपवितो. तेथे सौजन्य दाखविण्याचा अधिकार आपला नसून रुग्णाचा आहे. हे म्हणणे आम्ही डावलले नाही. चोरी, फसवणूक, अमली औषधे, बालके, स्त्रिया वा वृद्ध यांच्याविरुद्धचे अत्याचार यांविषयी नवा अर्ज पूर्वीपेक्षा अधिक स्पष्टपणे विचारतो. चालू असलेल्या खटल्याची माहितीही मागतो. मात्र ‘कधीही, कोणताही’ हे शब्द काढले आहेत. उत्तर ‘होय’ असल्यास घटना, वय व निकाल लिहिण्यास अर्धे पान मोकळे ठेवले आहे, आणि ते पान मेट्रनबाई व एक विश्वस्त यांनी उमेदवारासमोर बसून वाचल्याखेरीज अर्ज नाकारता येत नाही. त्या सहकाऱ्यांची शंका पूर्णतः फिटली आहे असे नाही. ती त्यांनी तशीच ठेवावी, अशी आमची त्यांना विनंती आहे.

‘नाही’ लिहिणाऱ्या परिचारिकेस लेखी समज देऊन आम्ही सेवेत ठेवले. ती आज या सभागृहात आहे व तिच्या संमतीनेच हे सांगत आहोत.

राहता राहिली ती पहिली मुलगी. गेल्या दोन वर्षांत तिला कोठेही रुग्णालयात काम मिळाले नाही. पनवेलला एका घरी अर्धांगवायूने अंथरुणास खिळलेल्या आजींची ती दिवसरात्र शुश्रूषा करते; वेतन परिचारिकेच्या वेतनाच्या जवळपासही नाही. आम्ही तिला पत्र लिहिले, झाल्या गोष्टीबद्दल खेद व्यक्त केला आणि नेमणूक देऊ केली. तिचे उत्तर आले. नोकरी हवी आहे, असे तिने लिहिले आहे. परंतु आजींना कुशीवर वळविणारे, भरविणारे घरात दुसरे कोणी नाही, तेव्हा त्या आहेत तोवर आपणांस येता येणार नाही. जागा तोवर मोकळी ठेवावी किंवा कसे, हा विषय विश्वस्त मंडळाच्या पुढील सभेच्या कार्यक्रमपत्रिकेवर आम्ही ठेवला आहे.