जुना खेळ, नवं आख्यान



मांद्रेत जमलेल्या गेम डिझायनर, प्रोग्रामर आणि कलाकारांसमोर अध्यक्षपदावरून एकाच विषयावर बोलायचं मी ठरवलं आहे. बाजारात येऊन दहा-वीस वर्षं झालेल्या गेमसाठी नवी एक्सपान्शन, म्हणजे मूळ गेमला जोडायची भर, काढत राहावं का? माझं उत्तर स्पष्ट आहे. काढत राहावं, मात्र त्यातून पूर्वी बाहेर राहिलेलं कोणीतरी आत यायला हवं.

एक उदाहरण घेऊ. सप्टेंबर १९९९मध्ये ‘एज ऑफ एम्पायर्स टू’ आला. मध्ययुगावरचा गेम आणि त्यात तेरा संस्कृती. ब्रिटन, फ्रँक, गॉथ, व्हायकिंग, चिनी, जपानी, मंगोल, पर्शियन वगैरे. भारत नव्हता. हत्ती होते, ते पर्शियनांकडे. पुढच्या वर्षी ‘द कॉन्करर्स’ आलं, तेव्हाही आपण नव्हतो. जानेवारी २००९मध्ये हा गेम बनवणारा एन्सेम्बल स्टुडिओच बंद झाला. धंद्याच्या हिशेबाने तिथे सगळं संपलं होतं. खेळणाऱ्यांनी ते संपू दिलं नाही. त्यांच्यातल्याच काहींनी ‘फरगॉटन एम्पायर्स’ हा मॉड रचला आणि फुकट वाटला. २०१३मध्ये तोच ‘द फरगॉटन’ या नावाने अधिकृत एक्सपान्शन झाला आणि त्यातून भारतीय या खेळात आले. चौदा वर्षांनी, आणि तेही चाहत्यांच्या हातून.

आले तेही कसे? हिमालयापासून कन्याकुमारीपर्यंत सगळे मिळून एकच ‘इंडियन्स’. २८ एप्रिल २०२२ला ‘डायनॅस्टीज ऑफ इंडिया’ आलं, तेव्हा त्या गठ्ठ्यातून हिंदुस्थानी, गुर्जर, बंगाली आणि द्रविड वेगळे झाले. राजेंद्र चोळ, देवपाल आणि बाबर यांची कॅम्पेन आली. बंगाली सैनिक बंगालीत आणि द्रविड सैनिक तमिळमध्ये बोलू लागला. तेवीस वर्षांच्या जुन्या गेममध्ये हे घडलं. ‘जुन्यावर वेळ घालवू नका, नवा गेम काढा’ असं तेव्हा सगळ्यांनी ऐकलं असतं, तर हे आवाज आजही कुठे ऐकू आले नसते.

जुनं ठेवून त्याला नवं जोडायची ही गोष्ट इथे पेडणे तालुक्यात समजावून सांगायची गरज नाही. आपल्या दशावतारी नाटकात ‘आड दशावतार’ हा पहिला भाग ठरलेला असतो. गणपती, ऋद्धिसिद्धी, सरस्वती, मग संकासुर. त्यानंतरचं आख्यान मंडळी बदलतात, नवं बसवतात. नवं आख्यान आलं म्हणून पहिला भाग कोणी मोडीत काढत नाही, आणि पहिला भाग तोच आहे म्हणून माणसं उठून जात नाहीत.

आता या कामातली अवघड बाजू. तेरा संस्कृतींच्या आपसात अठ्ठ्याहत्तर जोड्या होतात. २०२३च्या ‘द माउंटन रॉयल्स’नंतर संस्कृती पंचेचाळीस झाल्या, म्हणजे नऊशे नव्वद जोड्या. नवी संस्कृती आली की तिला प्रत्येक जुन्या संस्कृतीशी लढवून पाहावं लागतं. त्यात कुठे तोल गेला, तर पंधरा-वीस वर्षं सराव केलेल्या खेळाडूचा खेळच बिघडतो. म्हणून भर कशाची घालायची, हे निर्मात्याने फार जपून ठरवलं पाहिजे. मे २०२५मध्ये ‘द थ्री किंग्डम्स’ने तिसऱ्या शतकातली चिनी राज्यं या मध्ययुगीन गेममध्ये आणली आणि जुन्या खेळाडूंनी जोरदार विरोध केला. मी त्यांच्या बाजूचा आहे.

आणखी वाईट प्रकार म्हणजे नव्यासाठी जुनं हिरावून घेणं. जानेवारी २०२०च्या ‘वॉरक्राफ्ट थ्री: रीफोर्ज्ड’ने २००२चा मूळ गेम घेतलेल्यांवरही आपले बदल लादले. ‘द क्रू’ या गेमचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ला बंद झाले आणि पैसे मोजून घेतलेला गेम लोकांना खेळता येईना. युरोपात त्यातून मोठी चळवळ उभी राहिली. ‘युरोपा युनिव्हर्सालिस फोर’ला इतकी एक्सपान्शन जोडली गेली की ती सगळी घेणं नव्या खेळाडूच्या आवाक्याबाहेर गेलं आणि २०२१मध्ये कंपनीने मासिक वर्गणी सुरू केली. माझी आग्रहाची मागणी आहे: मूळ गेम जसा विकला तसा खेळता आला पाहिजे, आणि अर्धवट सोडलेला भाग नंतर एक्सपान्शन म्हणून विकू नये. याउलट पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२०च्या ‘राजी’ या आपल्या गेमवर पुन्हा काम करून २०२२मध्ये सुधारित आवृत्ती काढली. लहान स्टुडिओ आपल्या कामाकडे असा परत वळतो, याचा मला अभिमान वाटतो.

आता आपल्या घरचं. याच ‘एज ऑफ एम्पायर्स टू’मध्ये पोर्तुगीजांना २०१५मध्येच फ्रान्सिस्को द आल्मेदाचं कॅम्पेन मिळालं, थेट १५०९च्या दीवच्या लढाईपर्यंतचं. २०२२च्या तीन भारतीय कॅम्पेनमध्ये मात्र देवगिरीचे यादव नाहीत आणि गोव्याचे कदंबही नाहीत. खरं तर कदंब या गेमला किती शोभतील! समुद्रावर सत्ता असलेलं हे राज्य. आधी राजधानी चंद्रपुराला, म्हणजे आजच्या चांदरला. अकराव्या शतकात पहिला जयकेशी ती झुआरीकाठच्या गोपकपट्टणाला घेऊन आला. तांबडी सुर्लाचं महादेवाचं देऊळ त्याच राजवटीतलं आहे, गेममधली भव्य वास्तू, म्हणजे ‘वंडर’, म्हणून ते तसंच उभं करता येईल. १३४०च्या दशकात होनावरचा सुलतान जमालुद्दीन सांदाबूरवर, म्हणजे गोव्यावर, चालून आला, तेव्हा इब्न बतूता त्याच्या आरमारात होता. मागून उघडणाऱ्या गलबतांचं वर्णन त्याने केलं आहे: घोडे आत, स्वार आतच चिलखत चढवून घोड्यावर बसतो आणि थेट किनाऱ्यावर उतरतो. इतकी तयार लढाई कुठल्या डिझायनरला मिळते?

ही लढाई गेममध्ये रचायला कोणाच्या परवानगीची वाट पाहायला नको. स्वतःची लढाई रचायचं साधन, सिनारिओ एडिटर, मूळ गेमसोबत १९९९पासून आहे. इतिहासाच्या अभ्यासकांनी ताम्रपट आणि शिलालेख वाचून तपशील द्यावा, चित्रकारांनी बंदर आणि देवळं काढावीत, आपल्या दशावतारी नटांनी आवाज द्यावेत. फरगॉटन एम्पायर्सच्या मंडळींनीही असाच फुकट वाटलेल्या मॉडपासून आरंभ केला होता. उद्या सकाळच्या सत्रात झुआरीच्या मुखाचा नकाशा आखायला घेऊ. माणसं वाहून नेणारं जहाज गेममध्ये पहिल्यापासून आहे. बतूताच्या गलबताची सुरुवात त्याच्यापासून करता येईल.