नाव खोडले, फाइल उरली

संगणकावरील फाइल पुसली की ती त्या क्षणीच नाहीशी होते, असा सर्वसाधारण समज आहे. युनिक्स प्रणालीत मात्र तसे घडतेच असे नाही. १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन व डेनिस रिची यांनी या प्रणालीचा पाया घातला. १९९१ साली लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी आरंभिलेल्या लिनक्सनेही तोच मार्ग पत्करला.

या प्रणालीत नाव एकीकडे आणि फाइल दुसरीकडे असते. डिरेक्टरी ही केवळ नावांची यादी होय. प्रत्येक नावापुढे एका नोंदीचा क्रमांक असतो. त्या नोंदीस आयनोड म्हणतात. फाइलीचा आकार, तिचा मालक, तिचा मजकूर डिस्कवर कोठे आहे, हे सारे आयनोडात असते. फाइलीला किती नावे आहेत, ही गणतीही तेथेच असते; नाव तेवढे नसते. फाइल पुसणे म्हणजे यादीतील एक नाव खोडणे आणि ही गणती एकाने उतरविणे. गणती शून्यावर आली, तरी एखाद्या प्रोग्रॅमने ती फाइल उघडून ठेवली असेल, तर प्रणाली तिला हात लावीत नाही. शेवटच्या प्रोग्रॅमने ती मिटली म्हणजेच जागा मोकळी होते.

समजा, एखाद्या सर्व्हरची डिस्क काठोकाठ भरली. व्यवस्थापक नोंदींची अवाढव्य लॉग फाइल पुसतो. पण जागा तसूभरही वाढत नाही. 'डीयू' ही आज्ञा जागा पुष्कळ असल्याचे सुचविते, 'डीएफ' डिस्क भरल्याचेच सांगते. दोघींचेही खरे असते. पहिली केवळ नावे असलेल्या फाइली मोजते, दुसरी प्रत्यक्ष व्यापलेली जागा. अशा वेळी 'एलएसओएफ' या आज्ञेने फाइल धरून बसलेला प्रोग्रॅम सापडतो. तो थांबवून पुन्हा सुरू केला की जागा सुटते.

परंतु तीच फाइल चुकून पुसली गेली असेल तर? तेव्हा घाबरून यंत्र बंद करणे हाच मोठा घात. प्रोग्रॅम चालू आहे तोवर लिनक्समधील 'प्रॉक' या डिरेक्टरीतून तिची प्रत काढता येते. प्रोग्रॅम थांबला, की हा मार्ग कायमचा खुंटतो.

म्हणून काही पुसल्यानंतर, किंवा पुसले गेल्यानंतर, पहिला प्रश्न एकच विचारावा: ही फाइल अजून कोणाच्या हाती आहे काय?