जुनी प्रणाली काढण्यापूर्वी
(वाशिम येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



१ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वाशिम जिल्हा वेगळा झाला. त्या काळी संगणकावर मराठी लिहिली जाई ती निरनिराळ्या फाँटांत. अशा फायलींत साठविलेले संकेत बहुधा इंग्रजी अक्षरांचेच असतात. फाँट त्यांना केवळ मराठी रूप देतो. फाँट गेला की ग्रामसभेचे इतिवृत्त म्हणजे निरर्थक अक्षरांची रास! युनिकोडमध्ये मात्र देवनागरी वर्णांना १९९१ पासून स्वतंत्र संकेतांक आहेत.

मग नवी आवृत्ती बसविण्यापूर्वी जुनी काढावी काय? पुष्कळ सॉफ्टवेअरांत नवी आवृत्ती जुनीची जागा स्वतःच घेते; तेथे हा खटाटोप नको. सूचनापत्रात तसे सांगितले असेल, तरच जुनी आधी काढावी. जुन्या मराठी फाँटांची गोष्ट निराळी. प्रथम फायलींची प्रत अन्यत्र ठेवावी. मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करावा. रफार, पहिली वेलांटी, जोडाक्षरे व आकडे मूळ कागदाशी ताडून पाहावेत. त्यानंतरच जुने काढावे.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चे नियमित साहाय्य संपले. त्यामुळे संगणक बदलताना ही दक्षता अधिकच अगत्याची ठरते. त्या फायलींत कोणाच्या घराची नोंद आहे, कोणाच्या शाळेचा दाखला आहे. नव्या विहिरीला पाणी लागल्यावाचून शहाणा शेतकरी जुनी बुजवीत नाही. आपणही तोच विवेक बाळगू या.