उतारवयातील धसका



आम्ही वैद्य नव्हे. उमर कामगार संघटनेत गेली; शिक्षण झाले ते सभांतून आणि वाचनालयाच्या बाकावर. परंतु राबणारे शरीर जवळून पाहण्याचा योग आम्हांस भरपूर आला.

धसका बसला की काय होते? मूत्रपिंडांवर टोपीसारख्या दोन लहान ग्रंथी आहेत. मेंदूचा इशारा मिळताच त्या कॉर्टिसॉल नावाचा स्राव रक्तात सोडतात. रक्तातली साखर वाढते, अंग झुंजीला उभे राहते. पुढे तोच स्राव मेंदूला ‘आता पुरे’ असे कळवतो आणि नळ बंद होतो. वय वाढले की हे ‘पुरे’ मेंदूला उशिरा ऐकू येते.

२००५ साली ४५ अभ्यास एकत्र ताडून पाहण्यात आले. वयाबरोबर कॉर्टिसॉलची उसळी वाढते हे दिसलेच. पण बायकांत वयाचा हा परिणाम पुरुषांच्या जवळजवळ तिप्पट आढळला. ‘बाईची जात सोशीक’ म्हणणाऱ्यांनी हा आकडा ध्यानात ठेवावा. तरुणपणी मात्र चित्र पुष्कळदा उलटे असते. जर्मनीत ट्रियर येथे एक परीक्षा निघाली, ती १९९३ साली प्रसिद्ध झाली: परक्या माणसांपुढे पाच मिनिटे भाषण, मग तोंडी वजाबाक्या. (आमची आज तीच चालली आहे, वजाबाकी तेवढी सांगू नका!) तीत तरुण पुरुषांचा कॉर्टिसॉल बहुधा तरुणींपेक्षा जास्त चढतो. पाळी थांबल्यावर इस्ट्रोजेन ओसरते आणि बाईचा आवर सुटतो, असा एक तर्क आहे. सगळे प्रयोग त्याला दुजोरा देत नाहीत.

आता आपल्याकडे या. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल दोघांच्या घामावर, खाडा झाला की दंड. बीड जिल्ह्यात २०१९ साली शासनाच्या समितीने ८२ हजारांवर ऊसतोड बायकांची पाहणी केली. त्यांत १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. कित्येक जणी चाळिशीच्या आतल्या. पिशवीबरोबर अंडाशयेही गेली, तर पन्नाशीतला बदल पस्तिशीतच अंगावर येतो. नुसती पिशवी काढली तरी तो लवकर येण्याचा संभव वाढतो. शिवाय उचल फिटलेली नसते, पहाटे फडात जायचे असते आणि रात्री गाडी भरायची असते. झोप मोडली की कॉर्टिसॉलची घडीही विस्कटते. अशा बाईला ‘हिचे डोके फिरले’ म्हणून मोकळे होणारे मुकादम आम्ही पाहिले आहेत. नवरेही पाहिले आहेत.

लातूरच्या कारखान्यांवरही टोळ्या येतात. पिशवी काढलेल्या आणि पन्नाशीपुढच्या बाईवर रात्रीच्या भराईची सक्ती नसावी, हे कलम आम्ही मागण्यांच्या कागदावर घालणार आहोत. मजुरी न बुडता ते कसे बसवावे, हे फडात गेलेल्या बायकांनीच सांगावे. सभा संपल्यावर आम्ही कागद घेऊन येथेच बसणार आहोत.