दोन तारांवरचं विमान

माझ्या हातात हे जे आहे, ते पाहून कुणाला पतंगाची आसारी आठवेल, कुणाला दाराची मूठ. हे एका विमानाचं हँडल आहे. याला पोलादाच्या दोन बारीक तारा जोडायच्या, साधारण पंधरा मीटर लांबीच्या. त्यांच्या दुसऱ्या टोकाला विमान. विमान आपल्याभोवती गोल फिरतं आणि आपण मधे उभं राहून त्याच्याबरोबर फिरतो. याला कंट्रोल लाइन म्हणतात. रेडिओ नाही, रिमोट नाही. तुमचा हात आणि विमान यांच्यामधे फक्त तार.

हा प्रकार लोकप्रिय केला अमेरिकेतल्या ओरेगन राज्यातल्या जिम वॉकर यांनी. १९४२ मध्ये त्यांना त्याचं पेटंट मिळालं आणि त्यांचं ‘फायरबॉल’ हे मॉडेल गाजलं. पुढे १९५५ मध्ये न्यायालयात ते पेटंट टिकलं नाही, कारण त्याच राज्यातल्या ओबा सेंट क्लेअर यांनी वॉकरच्या आधीच असं विमान उडवलेलं होतं. आपल्याकडे हा छंद बहुतेकांना भेटतो तो एनसीसीच्या एअर विंगमध्ये. मलाही तिथेच भेटला, बडोद्याला कॉलेजात असताना.

यंत्रणा इतकी साधी आहे की एकदा पाहिली की विसरत नाही. विमानाच्या मधोमध, पंखापाशी, एक छोटी पट्टी खिळीवर फिरती बसवलेली असते. तिला बेलक्रँक म्हणतात. दोन्ही तारा तिच्या दोन टोकांना. तिच्यापासून एक सळी शेपटीकडे जाते आणि शेपटीची आडवी पट्टी, म्हणजे एलेव्हेटर, वरखाली करते. हँडल वर कलवलं की एक तार ओढली जाते, बेलक्रँक फिरते, एलेव्हेटर उचलतो, विमान वर जातं. बस्स, एवढंच नियंत्रण. डावीउजवीकडे वळवायचं कामच नाही, ते तारा करतात.

पण हे सगळं चालतं एकाच अटीवर: तारा ताणलेल्या हव्यात. तार सैल पडली की तुमच्या हातात नुसतं हँडल उरतं. गणित करून पाहा. पंधरा मीटरच्या तारेवर विमान पाच सेकंदांत एक फेरी मारत असेल, तर त्याचा वेग ताशी ६८ किलोमीटरच्या आसपास होतो. अर्ध्या किलोचं विमान असेल तर हाताला ओढ बसते साधारण सव्वा किलोची. वेग दुप्पट केला तर ओढ चौपट. आणि वेग मंदावला तर ती तशीच झपाट्याने कमी होते. म्हणून बांधतानाच काळजी घ्यायची. इंजिनाचं तोंड किंचित बाहेरच्या बाजूला, उभी शेपटी किंचित बाहेर वळलेली, आणि बाहेरच्या पंखाच्या टोकाला थोडं वजन, म्हणजे आतल्या बाजूच्या तारांचा भार तोलला जातो.

नवशिक्याने पहिलं विमान देखणं करू नये, दणकट करावं. बाल्साच्या सपाट फळीचा पंख पुरतो. इंजिन आणि बेलक्रँक जिथे बसतात तिथे प्लायवूड घाला, कारण सगळी ओढ तिथेच येते. विमान नाकाकडे जड असू द्या. शेपटीकडे जड झालेलं विमान हाताच्या जराशा हालचालीने उसळतं. आणि हात मनगटातून नाही, खांद्यातून हलवा. मनगट फार चपळ असतं, नवशिक्याचा तोच शत्रू.

आता माझं पहिलं विमान. दोन महिने खपून केलं होतं. पॉलिशपेपर घासघासून बोटांची कातडी गेली होती. मैदानावर मित्राने विमान धरलं, मी हँडल धरलं, इंजिन सुरू झालं, त्याने सोडलं. विमान आपसूक जमिनीवरून उठलं आणि जरा खाली वाकलं. मी वर दिलं. ते आणखी खाली आलं. मी घाबरून आणखी वर दिलं. पाव फेरीसुद्धा झाली नाही. नाक जमिनीत, पंखाचे दोन तुकडे.

हँडलला तारा जोडताना मी त्यांची अदलाबदल केली होती. वर म्हणजे खाली झालं होतं. आमचे सर रागावले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, “तपासलं होतं का?” मी म्हणालो, “हो सर, पाहिलं होतं.” ते म्हणाले, “कोणी बोललं होतं का?”

तेव्हापासून माझा नियम आहे. इंजिन सुरू करण्याआधी मी हँडल कलवून ओरडतो, “वर!” विमानापाशी उभा असलेला माणूस एलेव्हेटर पाहून ओरडतो, “वर!” मग “खाली!” दोघांचं जुळलं तरच पुढे. आपण स्वतः पाहतो तेव्हा डोळ्यांना हवं तेच दिसतं. दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं की चूक सापडते. यानंतर विमान धरून ठेवायला सांगून हँडल जोरात ओढून पाहा, आणि हँडलचा पट्टा मनगटात अडकवा.

उडवताना वारा पाठीवर घेऊन उभे राहा, म्हणजे समोरचं विमान वाऱ्याने बाहेर ढकललं जातं. तार सैल वाटली तर झटकन मागे सरका. नजर विमानावरच ठेवा, मागच्या झाडांवर गेली की चक्कर आलीच.

शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. या तारा पोलादाच्या आहेत. विजेच्या तारांच्या जवळपास कधीही उडवू नका. उच्च दाबाच्या वाहिनीला प्रत्यक्ष स्पर्श व्हावा लागतो असंही नाही, जवळ गेलं तरी वीज उडी मारते, आणि ती थेट तुमच्या हातात येते. या खेळात माणसं अशी गेली आहेत. मैदानावर पोचलात की आधी जमीन नका पाहू, आधी वर पाहा. ढगांचा गडगडाट असेल तर विमान गाडीतून काढूच नका.

तुटलेलं विमान पुन्हा चिकटवता येतं. माझं तेच विमान तीन आठवड्यांनी उडालं. पंखावर जोडाची रेघ दिसत होती, पण हाताला ओढ जाणवली, आणि वर म्हणजे वरच होतं.