होडीचा परवाना आणि वयाची अट

गोव्याच्या उत्तरेकडील पेडणे आणि डिचोली या तालुक्यांचे पाण्याशी जुने नाते आहे. पेडण्याच्या एका अंगाला तेरेखोल नदी, दुसऱ्या अंगाला शापोरा. डिचोलीच्या कडेने मांडवी वाहते. मयेचे तळे तर नौकाविहाराकरिता प्रसिद्धच आहे. अशा गावांतील मूल दहा-बारा वर्षांचे झाले की वल्हे हाती घेते. मग साहजिकच विचारले जाते की, ज्याला पाणी कळते त्याला वयाची अट कशाला आणि परवान्याचा कागद तरी कशाला?

याचे उत्तर असे की, होडी वल्हविणे हे हाताचे कसब आहे. होडीतून माणसे नेणे ही जबाबदारी आहे. रस्त्यावरचा कायदाही हा भेद मानतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे खाजगी मोटार १८ व्या वर्षी चालविता येते; परंतु वाहतुकीचे वाहन २० वर्षे पूर्ण झाल्यावाचून हाती घेता येत नाही.

नद्यांतील यांत्रिक नौकांसाठी पूर्वी १९१७ चा कायदा होता. सारंगाला आणि इंजिनचालकाला पात्रतेचे प्रमाणपत्र देण्याची व्यवस्था त्यातही होती. त्याची जागा २०२१ च्या अंतर्देशीय जहाज कायद्याने घेतली आहे. नौकेची नोंदणी, तिची तपासणी आणि चालविणाऱ्याची पात्रता या तिन्ही गोष्टी त्यात येतात. गोव्यात हा कारभार पणजीचे बंदर कप्तान खाते पाहते.

आता वयाचे मर्म पाहू. ओहोटीचे पाणी नदीच्या मुखातून बाहेर पडत असता समोरून वारा सुटला, की लाटा उंच उठतात. अशा वेळी नावाड्याला सांगावे लागते, “आता नाव निघणार नाही.” माणसे अधिक झाली, तर “चौघे उतरा” असे म्हणावे लागते. पैसे मोजून आलेल्या दहा प्रौढांपुढे तेरा वर्षांचा मुलगा हे शब्द कसे उच्चारील? आणि उच्चारले, तरी त्याचे ऐकणार कोण?

१८ जानेवारी २०२४ रोजी बडोद्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची नाव उलटली. १२ मुले आणि २ शिक्षिका प्राणास मुकल्या. तो समुद्र नव्हता, शहरातले तळे होते. नावेत क्षमतेहून अधिक माणसे होती आणि अनेकांच्या अंगात जीवरक्षक जाकीट नव्हते. नाव हाकारण्यापूर्वी “नाही” म्हणणारे कोणीतरी तेथे हवे होते.

मुलांना पोहणे अवश्य शिकवावे. वडीलधाऱ्यांच्या देखत वल्हेही मारू द्यावे. मात्र उतारूंचा भार त्यांच्यावर टाकू नये. आणि सहलीस मुले नेणाऱ्या आम्हां शिक्षकांनी नावेत पाऊल टाकण्यापूर्वी विचारावे: नोंदणी आहे काय? किती माणसांची मुभा आहे? चालकाचे प्रमाणपत्र कोठे आहे? प्रत्येकास जाकीट आहे काय? चांगल्या नावाड्याला या विचारण्याचा राग येत नाही. ज्याला येईल, त्याच्या नावेत मुलांना बसवू नये.